मालवण

महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याचे मुख्य ठिकाण, कोकणातील जुने बंदर आणि अलीकडच्या काळात भरभराटीला आलेले समुद्रपर्यटनाचे केंद्र. लोकसंख्या १८,६४८ (२०११). ते अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर, १६° ३′ उ. अक्षांश व ७३° २८′ पू. रेखांशावर, रत्नागिरीच्या दक्षिणेस सु. ११० किमी. वर वसले आहे. गावाच्या उत्तरेस कोळंबची खाडी असून दक्षिणेस तारकर्ली व देवबाग ही गावे आणि कर्ली नदीचे मुख आहे. बंदरासमोर पाण्याखाली व पाण्याबाहेर खडकांच्या रांगा आहेत. वाट ठाऊक असलेल्या तांडेलालाच गलबत सुखरूप आत आणता येई. व्यापाराला ही अडचण होती, पण येथे किल्ला बांधणाऱ्याला तिचाच आधार मिळाला.

मालवणच्या उपसागरात पूर्वी तीन लहान बेटे होती. त्यांपैकी आतले बेट पुढे मुख्य भूमीला जोडले गेले व आज ते गावाचाच भाग आहे. उरलेल्या दोहोंपैकी मोठ्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आणि लहान बेटावर पद्मगड आहे. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि वखारवाले इंग्रज यांना समुद्रावरच रोखायचे तर आरमार हवे आणि आरमाराला भक्कम ठाणे हवे, हे ओळखून छत्रपती शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी बांधकामास प्रारंभ झाला व सु. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा या खडकापाशी झाली, असे मानतात. त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. बांधकामाचे श्रेय हिरोजी इंदुलकर यांना दिले जाते. तटाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगतात. किल्ल्याचे क्षेत्र सु. ४८ एकर, तटाची लांबी सु. तीन किमी., उंची सु. ३० फूट व रुंदी सु. १२ फूट आहे. तट सरळ न जाता नागमोडी वळणे घेत जातो. गावाच्या बाजूचे महाद्वार बुरुजांच्या आड असे दडवले आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत ते नजरेस पडत नाही.

किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांच्या काळातील आहे. तेथील शिवाजी महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांतील दाढी-जिरेटोपाची नाही. तिच्या डोक्यावर कोळ्यासारखी टोपी आहे. महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून दाखवला जाणारा ठसाही येथे जपलेला आहे. भवानी व जरीमरी यांची देवळेही आहेत. सर्वांत नवलाच्या म्हणजे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चहूबाजूंनी खारे पाणी असताना त्यांचे पाणी गोडे आहे. या पाण्यावरच किल्ल्यातील शिबंदी जगली आणि आजही तटाच्या आत मोजकी कुटुंबे राहतात. फांद्या फुटलेला माड हे येथील एक जुने आकर्षण होते, पण वीज पडून तो नष्ट झाला.

सिंधुदुर्ग एकटा नव्हता. जवळचा पद्मगड, गावातील तीन बाजूंनी समुद्र असलेल्या उंचवट्यावरचा राजकोट आणि उत्तरेकडील सर्जेकोट ही त्याचीच संरक्षणफळी. राजकोटाचे थोडेच अवशेष उरले आहेत.

मराठी राज्याच्या वाटणीत हा प्रदेश कोल्हापूरकर छत्रपतींकडे गेला. मालवणच्या लढाऊ गलबतांचा उपद्रव होतो म्हणून १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी किल्ला जिंकला व त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढे अटी घालून त्यांनी तो कोल्हापूरला परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण व किल्ला कायमचे इंग्रजांच्या ताब्यात गेले. इंग्रजी कागदपत्रांत या काळातील दर्यावर्द्यांना सरसकट चाचे म्हटले आहे. ते विजेत्याचे मत म्हणूनच वाचावे. नंतर मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याला किल्ल्याचे नाव मिळाले, मात्र मुख्यालय ओरोसजवळ सिंधुदुर्गनगरी येथे झाले.

लोकसंख्येच्या दृष्टीने मालवणची गोष्ट विलक्षण आहे. १९०१ मध्ये येथे १९,६२६ लोक राहत होते. २००१ मध्ये ही संख्या १८,६७५ होती आणि २०११ मध्येही जवळपास तेवढीच राहिली. याच काळात आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतील वस्ती १ कोटी ९४ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. शेजारच्या वेंगुर्ल्याची घट याहून मोठी आहे : १९०१ मध्ये १९,०१८, तर २०११ मध्ये १२,३९२. २००१–११ या दशकात साऱ्या जिल्ह्याचीच लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत. राज्यात हे प्रमाण ९२९ आहे. या आकड्यांमागे मुंबई आहे. गिरणी, गोदी आणि कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी घरटी माणूस मुंबईला गेला. आगबोटी खडकांपलीकडे उभ्या राहत, उतारू पडावांतून ये-जा करत आणि घर मनीऑर्डरवर चाले. येथील टोपीवाला हायस्कूल ज्या अनंत शिवाजी देसाई टोपीवाला यांच्या नावाचे आहे, त्यांचेच नाव मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. गणपतीत आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला चाकरमानी परततात, तेव्हा तालुक्यातील बंद घरे उघडतात. जनगणनेत ही माणसे मुंबई-ठाण्याच्या खात्यात पडतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ चे आकडेच अद्याप प्रमाण धरावे लागतात.

मासेमारी, नारळ, काजू, कोकम व पर्यटन ही उत्पन्नाची प्रमुख साधने. मालवणी मसाला व खाजे यांना बाहेरगावी मागणी आहे.

गाबीत समाज परंपरेने रापण ओढून मासे पकडतो. पर्ससीन आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीमुळे रापणकरांच्या जाळ्यात बांगडा, तारली कमी येऊ लागली व त्यावरून येथे वारंवार संघर्ष झाले. १९८७ मध्ये सु. २९ चौ.किमी. सागरी क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. सिंधुदुर्गाभोवतालचे प्रवाळयुक्त पाणी त्याच्या गाभ्यात येते. मच्छीमारांनी त्याला सातत्याने विरोध केला आहे.

नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला श्रीफळ अर्पण करतात व नारळ लढवण्याचे डाव रंगतात. मालवणी बोलीला रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून देणारे ‘वस्त्रहरण’ फेम मच्छिंद्र कांबळी (मृ. २००७) याच तालुक्यातले.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला व १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. त्यानंतर तारकर्ली, देवबाग व चिवला किनाऱ्यांवर घरगुती निवास, मालवणी जेवण आणि समुद्रतळ पाहण्याच्या सोयी झपाट्याने वाढल्या. तारकर्ली व देवबाग ही स्वतंत्र गावे असल्याने त्यांची वस्ती मालवण शहराच्या आकड्यात धरलेली नाही. जवळची रेल्वेस्थानके कुडाळ, सिंधुदुर्गनगरी व कणकवली. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनानिमित्त राजकोटावर उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या जागी मे २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या मालवणच्या धक्क्यावरून सुटतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते.