कलम ४४ आणि कारखान्याची वीज

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली, तेव्हा गिरणी आणि तिला फिरवणारी शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. बॉयलर, वाफेचे इंजिन, धुराडे सगळे एकाच आवारात. कोळसा मालकाचा आणि राखही मालकाचीच. गिरणगावात टॉवरांच्या गर्दीत जी थोडी धुराडी आज उरली आहेत, ती आपण कापडाची स्मारके म्हणून पाहतो. खरे तर ती स्वतःची शक्ती स्वतः निर्माण करण्याच्या एका व्यवस्थेचीही स्मारके आहेत.

ही व्यवस्था मोडली ती कायद्याने नव्हे, दराने. १९१० च्या वीज कायद्याचा भर दुसऱ्याला वीज विकणाऱ्यावर होता. रस्ता खोदून तारा टाकायच्या तर परवाना हवा. आपल्या आवारात आपल्यापुरती वीज करणाऱ्याकडे हा कायदा मुख्यतः सुरक्षिततेच्या नजरेने पाहत होता. त्याच वर्षी टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली उतरवून १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली, आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडे आली. मालकांनी हिशेब केला आणि इंजिने हळूहळू थंडावली.

परवानगीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यातून. याच कायद्याने राज्य वीज मंडळांची कल्पना मांडली, आणि याच कायद्यात कलम ४४ आले. नवे वीजकेंद्र उभारायचे, विकत घ्यायचे, किंवा जुन्यातला मोठा संच वाढवायचा अथवा बदलायचा, तर मंडळाची लेखी पूर्वसंमती पाहिजे. हे बंधन केवळ वीज विकणाऱ्या परवानाधारकांवर नव्हते. 'इतर कोणतीही व्यक्ती' हे शब्द कलमात होते आणि कारखानदार त्यातच आला. मंडळाला नकारही मनाला येईल तसा देता येत नसे. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत कारण द्यावे लागे. अर्जदार परवानाधारक असेल तर २४ महिन्यांत पुरेशी वीज देण्याची हमी, नाहीतर हीच वीज दुसऱ्या योग्य ठिकाणाहून वाजवी मुदतीत अधिक स्वस्त मिळेल हे दाखवून देणे.

यामागचा विचार खोटा नव्हता. गावोगावच्या छोट्या, महाग वीजघरांऐवजी मोठी केंद्रे आणि सलग जाळे उभारायचे, तर भांडवल विखरून चालणार नव्हते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. कोयनेसारखा प्रकल्प एकेका गिरणीच्या ताकदीचा नव्हताच. पण या रचनेत एक गाठ होती. वीज विकणारेही मंडळ आणि गिऱ्हाइकाला स्वतःची वीज करू द्यायची की नाही हे ठरवणारेही मंडळच. परसात वांगी लावायची तर भाजीवालीची परवानगी घ्या, असला हा प्रकार.

परवानगीच्या जोडीला कर होताच. ग्वाल्हेरच्या जियाजीराव कॉटन मिलने स्वतः तयार करून स्वतः वापरलेल्या विजेवरील शुल्काला आव्हान दिले. ज्या कायद्याखाली ते आकारले गेले, तो मुळात नागपूरच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा, १९४९ चा. गिरणीचे म्हणणे असे, की विक्रीच झालेली नाही. मग हा उत्पादनावरचा कर ठरतो आणि तो राज्याच्या अखत्यारीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. राज्यघटनेने राज्यांना विजेच्या विक्रीवर 'किंवा वापरावर' कर लावण्याचा अधिकार दिला आहे, आणि वापरणारा स्वतः उत्पादक असला तरी वापर तो वापरच. कायद्याच्या अंगाने हे बरोबरच वाटते. गिरणीमालकाला ते कितपत पटले असेल, हा भाग निराळा.

कलम ४४ संपले २००३ मध्ये. १० जूनला अमलात आलेल्या नव्या वीज कायद्याने औष्णिक निर्मितीची परवान्यातून सुटका केली. कलम ९ ने स्वतःच्या वापरासाठी केंद्र उभारण्याचा आणि तिथली वीज जाळ्यातून आपल्या कारखान्यापर्यंत नेण्याचा हक्क दिला. सहकारी संस्थांना आणि अनेकांच्या गटालाही तो मिळाला. मग 'स्वतःची' वीज म्हणजे नेमकी कुणाची? २००५ च्या नियमांनी उत्तर आकड्यांत दिले: वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के, आणि वर्षभरात निर्माण झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांचाच वापर. एखाद्या वर्षी ५० टक्केच वापर झाला, तर त्या वर्षाची सगळीच वीज परक्याकडून घेतलेली धरली जाते.

हा भेद महत्त्वाचा, कारण भांडण आता परवानगीचे उरले नव्हते, अधिभाराचे होते. आपल्याकडे कारखान्याचा वीजदर खर्चापेक्षा चढा आणि शेतीपंपाचा उतरता. मोठे गिऱ्हाईक स्वतःची वीज करू लागले, की पंपाचा भार वाहणारा एक खांदा कमी होतो. वितरण कंपन्यांची ही तक्रार निव्वळ कांगावा म्हणून सोडून देता येत नाही. बाहेरून वीज घेणाऱ्याकडून म्हणूनच क्रॉस सबसिडी अधिभार घेतात. कलम ४२ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वनिर्मितीला त्यातून स्पष्ट सूट आहे. चौथ्या पोटकलमातल्या 'अतिरिक्त अधिभारा'बाबत मात्र तशी सूट लिहिलेली नाही. महावितरण आणि जेएसडब्ल्यू स्टील यांच्यासह इतर उद्योगांचा वाद याच मौनातून निघाला. १० डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्योगांच्या बाजूने कौल दिला. स्वतःच्या केंद्रातली वीज वापरणारा हा आयोगाच्या मेहेरबानीने दुसऱ्याकडून वीज घेणारा ग्राहक नव्हे. त्याचा हक्क कलम ९ मधून येतो, आणि त्यासाठी त्याने स्वतःचे भांडवल घातलेले असते.

त्याच सुमारास हा प्रश्न गच्चीवर पोचला होता. डिसेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॉटपुरते ठेवले. छोट्या उद्योगांनी आणि सौर व्यावसायिकांनी ओरड केली. जून २०२१ मध्ये ही मर्यादा ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांतील जे कमी असेल ते, अशी झाली. मंजूर भार किती, हे पुन्हा वितरण कंपनीच्याच कागदावर लिहिलेले असते.