अर्दित आणि लकवा : मुखार्धाच्या पक्षाघाताच्या निदानाचा इतिहास

पारनेरसारख्या ग्रामीण परिसरात एखाद्याचे तोंड एकाएकी वाकडे झाले काय किंवा अर्धे अंग लुळे पडले काय, दोन्हींस ‘वारे गेले’ अथवा ‘लकवा मारला’ असेच म्हटले जाते. वास्तविक हे दोन भिन्न विकार होत. पहिल्यात चेहऱ्याची मज्जा सुजते आणि रुग्ण बहुधा बरा होतो. दुसऱ्याचे मूळ मेंदूत असून तो प्राणावर बेतू शकतो. हा भेद शास्त्राला कसा उमगत गेला, याचा मागोवा उद्बोधक आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात ‘अर्दित’ या संज्ञेत अर्धे शरीर किंवा केवळ मुखार्ध असे दोन्ही प्रकार सामावले आहेत. सुश्रुताने मात्र ती मुखापुरती मर्यादित केली. निदानाच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे म्हटले पाहिजे. क्षीण रुग्ण, न मिटणारा डोळा, अडखळती वाणी आणि तीन वर्षांचा जुनाट विकार यांस त्याने असाध्य ठरविले. वाग्भट याच विकाराचे ‘एकायाम’ हे दुसरे नाव नोंदवितो. उपचारांत नस्य, मस्तकावर तैल, तर्पण व स्वेदन यांवर भर असून सुश्रुताने क्षीरतैल सांगितले आहे. डेन्मार्कमधील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निरीक्षणात उपचारांविना सुमारे ७० टक्के रुग्ण पूर्ण बरे झाल्याचे आढळले. ज्या व्याधीत निसर्गच एवढे काम करतो, तिच्यात कोणत्याही उपचाराला यशाचे श्रेय सहज मिळते. वैद्य असो वा मांत्रिक, दोघांच्या कीर्तीचे मूल्यमापन करताना हे विसरता येत नाही.

‘लकवा’ हा शब्द अरबी ‘लक्वा’वरून आला. मुळात त्याचा अर्थ चेहऱ्याचाच पक्षाघात. अल्-राझी (सु. ८६५–९२५) याने ‘अल्-हावी’मध्ये या विकाराचे वर्णन करताना कपाळावरील सुरकुत्या नाहीशा होण्याचे लक्षण नोंदविले. मराठीत मात्र हा नेमका शब्द कोणत्याही पक्षाघातास लावला जाऊ लागला आणि त्यातील भेदच पुसला गेला.

युरोपात निकोलाउस फ्रीडराइख याने १७९८ मध्ये असे रुग्ण वर्णिले होते. पुढे चार्ल्स बेल याने १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या मज्जांची कार्ये मांडली. चेहऱ्याची संवेदना पाचव्या मज्जेकडे व हालचाल सातव्या मज्जेकडे असते, हे त्यामुळे स्पष्ट होत गेले. तोवर चेहऱ्यातील तीव्र वेदनेवर उपाय म्हणून शल्यचिकित्सक चुकीने सातवी मज्जाच कापीत! कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूच्या एका अर्धातील आघातात भुवई उचलता येते. मज्जेच्या विकारात ती उचलत नाही. अल्-राझीच्या सुरकुत्यांचे मर्म येथे उलगडते.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नगर येथे १९१७ मध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांचे आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. अशा संस्थांतून महाराष्ट्रात दोन्ही परंपरांचे शिक्षण मिळू लागले. परंतु औषधाच्या निर्णायक चाचणीसाठी २००७ साल उजाडावे लागले. स्कॉटलंडमधील त्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४.४ टक्के, तर ते न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत बरे झाले. केवळ विषाणुरोधक औषधाचा लाभ दिसला नाही. न मिटणाऱ्या डोळ्याचे रक्षण तर पहिल्या दिवसापासूनच करावे लागते.

मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली असल्यास गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. पारनेर ते जिल्ह्याचे ठिकाण हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. भुवई उचलली जाते काय, हात-पाय लुळे आहेत काय, बोलणे अडखळते काय, हे घरच्यांनाही पाहता येते; आणि भुवई उचलत असेल किंवा हातापायांत अशक्तपणा असेल, तर आधी रुग्णालयाचाच रस्ता धरावा लागतो.