दोन शाकूंच्या आतलं पातं : वाकिझाशीची गोष्ट

आजचा विषय जपानी तलवारीचा आहे, पण सिनेमात दिसणाऱ्या लांब कतानाचा नाही. तिच्या शेजारी कमरेला खोचलेली धाकटी असते ना, ती वाकिझाशी आज आपण बघणार आहोत. हल्ली इंटरनेटवर 'हाताने घडवलेली जपानी छोटी तलवार' अशी जाहिरात सारखी दिसते. संग्रहासाठी घ्या, सरावासाठी घ्या, भिंतीवर लावा. आपल्याकडेही घेणारे आहेत. म्हणून आज आपण दोन गोष्टी पाहू. ही वस्तू इतिहासात काय होती, आणि 'हाताने घडवलेली' या दोन शब्दांत किती माणसांचं आयुष्य अडकलेलं आहे.

आधी मापाचं बोलू, कारण या तलवारीचा सगळा इतिहास मापात आहे. जपानी माप शाकू, एक शाकू म्हणजे साधारण ३०.३ सेंटिमीटर. पातं एक शाकूच्या आत असेल तर तो तांतो, म्हणजे खंजीर. दोन शाकूंच्या वर असेल तर कताना. आणि एक ते दोन शाकूंच्या मधली ती वाकिझाशी. आता कुणी म्हणेल, दोन बोटं इकडची तिकडे, त्यात काय एवढं? तर त्या दोन बोटांवरून माणूस सामुराई की व्यापारी हे ठरत होतं.

१५८८ साली हिदेयोशीने हुकूम काढला की शेतकऱ्यांनी शस्त्रं बाळगायची नाहीत. त्या हुकुमात कताना, वाकिझाशी, धनुष्य, भाला, बंदूक अशी नावं घेऊन यादी आहे. कारण काय दिलं? क्योतोमध्ये बुद्धाची प्रचंड मूर्ती उभी राहते आहे, तिच्या मंदिराच्या खिळ्यांना आणि पट्ट्यांना लोखंड लागेल. म्हणजे शेतकऱ्याला या जन्मीही पुण्य आणि पुढच्या जन्मीही. हिदेयोशी स्वतः सामान्य घरातून वर आलेला माणूस. ज्या शिडीने आपण चढलो ती मागे राहू द्यायची नाही, हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

पुढे तोकुगावांचं राज्य आलं. एदो काळ, १६०३ ते १८६८. या काळात दोन तलवारींची जोडी, दाइशो, ही सामुराईची खूण झाली. लांब तलवार बाकीच्यांना बंद. पण छोटी मात्र पूर्ण बंद झाली नाही. प्रवासाला निघालेला, समारंभाला चाललेला व्यापारी वाकिझाशी लावू शकत असे. आणि गंमत बघा, ओसाकाच्या व्यापाऱ्यांकडे पैसा होता. लांब तलवार लावता येत नाही, मग छोटीच अशी घ्यायची की बघणारा बघतच राहील. सतराव्या शतकातले ओसाकाचे नामवंत लोहार, त्सुदा सुकेहिरो आणि इनोउए शिनकाई, यांच्या देखण्या वाकिझाशी आज संग्रहांत आहेत. सुकेहिरोच्या पात्यावर धारेच्या कडेने समुद्राच्या उसळत्या लाटांसारखी नक्षी दिसते. ही नक्षी कोरलेली किंवा रंगवलेली नाही, ती पोलादातूनच उमटलेली आहे. कशी, ते पुढे येईलच.

सामुराई कुणाच्या घरी गेला की लांब तलवार कमरेची काढायचा. छोटी अंगावरच राहायची, घरातही. याचा एक परिणाम सगळ्या जपानला माहीत आहे. १७०१ मध्ये एदोच्या किल्ल्यात, जिथे लांब तलवार आत नेताच येत नसे, तिथे आसानो नागानोरी या सरदाराने किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर छोट्या तलवारीने वार केले. कपाळावर एक, पाठीवर एक. किरा वाचला. छोट्या पात्याने भोसकायचं सोडून सपासप वार केल्यामुळे वाचला, असं त्यावर लोक आजही बोलतात. किल्ल्यात शस्त्र उपसलं हाच मोठा गुन्हा, म्हणून आसानोला त्याच दिवशी पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली. त्याच्या सत्तेचाळीस सेवकांनी १७०३ च्या सुरुवातीला सूड घेतला. ती 'सत्तेचाळीस रोनिन'ची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. तिचा पहिला वार छोट्या पात्याच्या शस्त्राचा आहे, एवढंच आज सांगायचं.

आता भट्टीकडे येऊ. इथे आपण जरा थांबणार आहोत.

जपानमध्ये चांगलं लोहखनिज कमी, पण नदीकाठी लोखंडाची काळी वाळू मिळते. शिमाने प्रांतात ओकुइझुमो म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथे मातीची बुटकी लांबट भट्टी बांधतात, तिला तातारा म्हणतात. तीन दिवस, तीन रात्री, थोड्या थोड्या वेळाने वाळू आणि कोळसा टाकत राहायचा. साधारण १० टन वाळू, १२ टन कोळसा. शेवटी भट्टी फोडायची आणि तळाशी साचलेला अडीच टनांच्या आसपासचा गड्डा ओढून काढायचा. त्यातला थोडाच भाग उत्तम पोलाद असतो. त्याचं नाव तामाहागाने.

लोहार ते तुकडे तापवतो, ठोकतो, घडी घालतो, पुन्हा ठोकतो. दहा ते पंधरा घड्या. पंधरा घड्यांचा हिशेब केला तर बत्तीस हजारांवर थर होतात, आणि मग इंटरनेटवर त्याची जादू होते. जादूबिदू काही नाही. वाळूच्या पोलादात मळी असते, कार्बन कुठे जास्त कुठे कमी असतो. घडी घालून मळी बाहेर काढायची आणि कार्बन सारखा करायचा. आज स्वच्छ पोलाद कारखान्यातून मिळतं, त्याला घड्या घालण्याची गरजच नसते. बाहेर कठीण पोलाद, आत मऊ, अशी रचना करून लोहार पातं ओढतो.

मग येतो सगळ्यात अवघड क्षण. आपल्या मराठीत पोलादाला 'पाणी देणं' म्हणतात, त्यावरूनच पाणीदार हा शब्द आहे. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. अंधार करून, रंग ओळखून, पातं लालभडक तापवतो आणि पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होते आणि अतिशय कठीण बनते. पाठ सावकाश निवते आणि लवचीक राहते. या दोहोंच्या सीमेवर जी धूसर पांढरी रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. सुकेहिरोच्या लाटा त्या याच. शिवाय कठीण झालेल्या पोलादाला जागा जास्त लागते, म्हणून पातं मागे वाकतं. तलवारीचा तो सुंदर बाक पुष्कळसा पाण्यातच येतो. आणि कधी कधी पाण्यातून एक बारीक 'टिक' असा आवाजही येतो. म्हणजे पात्याला चीर गेली, आठवड्यांचं काम भंगारात.

आपल्या किनाऱ्याशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात. जपानी लोक त्यांना नानबान, 'दक्षिणेचे रानटी', म्हणत. तोकुगावांचा लोहार यासुत्सुगु आपल्या पात्यांवर अभिमानाने कोरायचा, 'नानबान लोखंडाने घडवलं'. मराठ्यांकडे युरोपी पात्याला 'फिरंग' म्हणत आणि ते मानाने मिरवत, तसाच हा प्रकार.

१८७६ मध्ये मेइजी सरकारने रस्त्यात तलवार लावून फिरायला बंदी केली. एका फटक्यात गिऱ्हाईक गेलं. कुणी चाकू करू लागला, कुणी कात्र्या. पण खरा घाला पडला १९४५ साली. शरणागतीनंतर अमेरिकन फौजेने शस्त्रं गोळा करायला सुरुवात केली. त्यात कारखान्यात ठोकलेल्या लष्करी तलवारी होत्या, तशाच घरातल्या पाच-सातशे वर्षं जुन्या तलवारीही होत्या. कित्येक वितळवल्या गेल्या, समुद्रात टाकल्या गेल्या, सैनिकांच्या पेट्यांतून परदेशी गेल्या. तोकुगावांच्या घरातली होन्जो मासामुने ही विख्यात तलवार पोलीस ठाण्यात जमा झाली आणि त्यानंतर आजतागायत सापडलेली नाही.

तेव्हा होन्मा जुन्जी नावाचे तलवारींचे अभ्यासक अमेरिकन अधिकारी कर्नल कॅडवेल यांच्यापुढे उभे राहिले. म्हणणं एवढंच, की यातली काही शस्त्रं नाहीत, कलावस्तू आहेत. कॅडवेलला ते पटलं. कलात्मक मोल असलेल्या तलवारींना सूट मिळाली. १९४८ मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था निघाली, १९५३ मध्ये घडवायला पुन्हा परवानगी मिळाली. पण तातारा थंड पडलेली होती. ती १९७७ मध्ये ओकुइझुमोत पुन्हा पेटली, कारण युद्धकाळात भट्टी चालवलेले जुने कारागीर अजून हयात होते. आणखी वीस वर्षं उशीर झाला असता, तर शिकवायला कोण उरलं असतं?

आजचा जपानी कायदा याच भीतीतून आला आहे. पाच वर्षं गुरूकडे उमेदवारी, मग परवाना. परवाना मिळाला तरी महिन्याला लांब तलवारी दोनच, नाहीतर छोट्या तीन. प्रत्येक पात्याची सरकारी नोंद होते आणि नोंदीचा कागद तलवारीबरोबरच फिरतो. म्हणजे एक लोहार वर्षात छत्तीसच्या वर वाकिझाशी करूच शकत नाही. आता सांगा, काही हजार रुपयांत घरपोच येणारी ती 'जपानी' तलवार कुठली?

ती बहुतेकदा चीनमधल्या लोंगछुआनची. हे गाव स्वतःच तलवारींसाठी जुनं नावाजलेलं आहे आणि तिथेही माणसं हातानेच ठोकतात. आम्हाला त्यात फसवणूक दिसते ती वस्तूत नाही, नावात. १०६० किंवा १०९५ असा आकडा दिला असेल तर तो पोलादाचा प्रकार आहे, त्यात अनुक्रमे ०.६० आणि ०.९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. कापण्याच्या सरावाला असं पातं उत्तम चालतं. मात्र काहींवरची हामोन आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते, ती नुसती वरवरची रेघ.

सराव करणाऱ्यांसाठी एक माहिती. केंदोच्या दहा कातांपैकी शेवटचे तीन छोट्या तलवारीचे आहेत, आणि त्यांत छोट्या तलवारीवालाच लांब तलवारीवर मात करतो. ते लाकडी तलवारीने शिकतात. उपसण्याच्या सरावाला जपानमध्येही बहुतेक जण बिनधारेची मिश्रधातूची तलवार वापरतात, तेव्हा खऱ्या पात्याची घाई करू नका. आणि आपल्याकडे नियमांत तलवार तर येतेच, नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचा घरगुती नसलेला चाकूही येतो. आपल्या जिल्ह्यात परवाना लागतो का, हे मागवण्याआधी विचारा.

संग्राहकांनी मात्र मूठ उतरवायला शिकावं. बांबूची एक खुंटी काढली की मूठ निघते आणि आतला पात्याचा भाग, नाकागो, दिसतो. लोहाराची सही तिथे असते. तिथला काळपट गंज हा वयाचा पुरावा असतो, जाणकार त्या गंजावरून काळ सांगतात. जुनी वाकिझाशी हौसेने घासून लख्ख करून ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या हातात मग चकचकीत लोखंड राहतं, काळ सांगणारं काही राहत नाही. बाकी पात्याला तेलाचा हलका हात आणि कोरडं म्यान एवढं पुरतं.

दांडपट्ट्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं आहे, तो विषय मोठा आहे, स्वतंत्र घेऊ. आता बाकीचे प्रश्न.