मोटारीच्या लाकडातून निघालेला कोळसा

अमेरिकी घरांच्या परसात मांस भाजण्याच्या शेगडीत, म्हणजे ग्रिलमध्ये, मुख्यतः दोन प्रकारचा कोळसा पडतो. एक म्हणजे लाकडाचे जळून राहिलेले ओबडधोबड तुकडे. मराठी मुलखात ज्याला लोणारी कोळसा म्हणतात, तोच. दुसरा म्हणजे उशीच्या आकाराची, एका मापाची, दाबून केलेली ब्रिकेट. पहिल्याची कुळकथा जुनी आणि सोपी आहे: लाकडाची रास मातीने लिंपायची, हवा कोंडायची, काही दिवस धुमसू द्यायची. जपानी कारागिरांनी उबामे ओकपासून केलेला, आपटल्यावर धातूसारखा खणखणणारा बिन्चोतान हे या घराण्यातले सर्वांत कसलेले अपत्य. ब्रिकेटचा जन्म मात्र चुलीपासून बराच दूर झाला. तिच्या वंशावळीत तोफांची दारू, मिथेनॉल आणि फोर्डची मॉडेल टी मोटार आहे.

बंद लोखंडी पात्रात लाकूड तापवले की त्यातून वाफा निघतात. त्या गार केल्यावर ॲसेटिक आम्ल, मिथेनॉल आणि डांबर हाती लागते. या क्रियेला भंजक ऊर्ध्वपातन म्हणतात. आम्लात चुना घालून कॅल्शियम ॲसिटेट करायचे आणि ते तापवून ॲसिटोन काढायचे, हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला भरभराटीचा धंदा होता. ब्रिटिश तोफांची कॉर्डाइट ही दारू मळायला ॲसिटोन लागे आणि त्याचा मोठा वाटा अमेरिकी लाकडातून येई. या कारखान्यांत कोळसा पात्राच्या तळाशी उरे. भाव रसायनांना होता.

हेन्री फोर्ड या धंद्यात लाकडाच्या मागून आला. मॉडेल टीच्या सांगाड्याला, चाकांच्या आऱ्यांना आणि तळाच्या फळ्यांना भरपूर कठीण लाकूड लागे. फोर्डच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा एडवर्ड किंग्सफोर्ड मिशिगन राज्यातल्या आयर्न माउंटनला जमिनींचे व्यवहार करी आणि फोर्डच्या मोटारी विकी. त्याच्या मदतीने 1920 च्या सुमारास 3,13,000 एकर जंगल विकत घेतले गेले. तिथे लाकूड कापण्याची गिरणी आणि मोटारीच्या भागांचा कारखाना उभा राहिला. मग फांद्या, बुंधे, साली आणि भुशाचे ढीग साचू लागले. टाकाऊ काही राहू द्यायचे नाही हा फोर्डचा हट्ट असल्याने शेजारी रसायनांचा कारखाना आला. एक टन टाकाऊ लाकडातून 610 पौंड कोळसा निघे, रसायने वेगळी.

ब्रिकेट खरी कुणाची, हा वाद इथून सुरू होतो. सर्वांत लोकप्रिय उत्तर ‘फोर्डची’ हे आहे आणि ते सरळ चूक आहे. पेनसिल्वेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर याने इंधनाच्या ब्रिकेटच्या आकाराचे पेटंट 1897 मध्येच घेतले होते. दगडी कोळशाचा चुरा डांबरात मळून विटा पाडण्याची युरोपातली रीत त्याहूनही जुनी. दुसरे उत्तर थॉमस एडिसनचे नाव घेते: फोर्डच्या या मित्राने कारखान्याचा आराखडा केला, असे सांगितले जाते. प्रसिद्ध माणसाच्या नावावर वस्तू चढवण्याची खोड जगभर असल्याने या गोष्टीकडे संशयाने पाहावे लागते. तरीही तिला एक आधार सापडतो. 1890 च्या दशकात न्यू जर्सीत एडिसनने हलक्या प्रतीचे लोहखनिज दळून, चुंबकाने वेगळे करून त्याच्या भुकटीच्या ब्रिकेटा पाडण्याचा अवाढव्य खटाटोप केला होता. मिनेसोटाच्या स्वस्त खनिजाने तो धंदा बुडवला. भुकटी बांधण्याची विद्या मात्र एडिसनकडे राहिली. एडिसनचा वाटा असलाच तर तो कारखान्याच्या आराखड्यात नव्हे, या बांधणीच्या सल्ल्यात असावा.

तिसरा दावेदार ऑरिन स्टॅफर्ड हा ओरेगन विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ. नाव सर्वांत कमी ऐकलेले, पण फोर्डच्या कारखान्यातल्या ब्रिकेटवर हक्क सर्वांत बळकट. जुन्या पात्रांत लाकडाचे मोठे ओंडके घालत आणि बाहेरून जाळ देत. स्टॅफर्डच्या पद्धतीत लाकडाच्या बारीक ढलप्या आधी कडक वाळवत. एकदा तापल्या की लाकूड विघटित होताना सुटणाऱ्या स्वतःच्याच उष्णतेवर पुढचे काम चाले, आणि तेही अखंड. फोर्डच्या ढिगाऱ्याला हे नेमके सोयीचे होते. पण ढलपीतून निघणारा कोळसाही बारीकच असणार. तो ना वखारीत विकता येई, ना शेगडीच्या जाळीवर टिके. तेव्हा तो दळून, स्टार्चच्या खळीत मळून, साच्यात दाबणे भाग होते. डांबर बांधायला स्वस्त पडले असते, पण त्याचा धूर अन्नाला लागू देण्यासारखा नाही. म्हणजे ब्रिकेटचा आकार स्वयंपाक्याच्या सोयीने ठरलेला नाही. तो ढलपीमुळे आला.

नशिबाचा फेरा पुढे आहे. 1923 मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून मिथेनॉल मोठ्या प्रमाणावर तयार केले. त्याआधी पहिल्या महायुद्धातच रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी मक्याच्या स्टार्चवर जिवाणू वाढवून ॲसिटोन मिळवले होते. लाकडातून रसायने काढण्याचा धंदा बसत गेला आणि तळाशी उरणारा कोळसा मुख्य माल झाला. विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने भद्रावतीला उभा राहिलेला लोखंडाचा कारखाना याच काळातला. तिथेही लाकडाचे ऊर्ध्वपातन होई, पण तिथला कोळसा झोतभट्टीत खपत असल्याने त्याला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. फोर्डला ते शोधावे लागले. मोटारींच्या दुकानांतून ब्रिकेटच्या पिशव्या आणि सहलीला न्यायच्या छोट्या शेगड्या विकल्या गेल्या.

पुढचे टप्पे थोडक्यात असे: 1951 मध्ये कारखाना फोर्डच्या हातून गेला, मालाला किंग्सफोर्डचे नाव मिळाले, 1952 मध्ये जॉर्ज स्टीफनने झाकणाची गोल वेबर शेगडी काढली, 1973 मध्ये क्लोरॉक्स कंपनीने किंग्सफोर्ड विकत घेतले.

आज निवड करताना या वंशावळीचाच प्रत्यय येतो. लाकडी तुकडा लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी ठेवतो. पण लहानमोठे तुकडे एकत्र असल्याने धग वरखाली होते आणि ठिणग्या उडतात. जाड मांसाला बाहेरून झटपट करपूस रंग आणायचा तर तोच बरा. ब्रिकेटमध्ये खळीबरोबर चुनखडीची पूड आणि कधी दगडी कोळशाची भुकटीही असते. चुनखडीमुळे राख पांढरी दिसते आणि निखारे तयार झाल्याचे कळते. राख जास्त पडते; पण सारख्या मापामुळे धग कितीतरी वेळ एकसारखी राहते, म्हणून बरगड्या तासन् तास मंद शिजवायला ब्रिकेट हाती धरावी. पेट्रोलियमजन्य द्रवात भिजवलेल्या, काडी लावताच पेटणाऱ्या ब्रिकेटा टाळाव्यात. त्या पुरत्या पांढऱ्या होण्याआधी मांस ठेवले तर वास चिकटतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या ब्रिकेटाही आता मिळतात. जळलेल्या करवंटीचे तुकडे पातळ आणि छोटे असल्याने त्यांचीही आधी पूड होते, मग खळ आणि मग साचा.