वेबसाइट हॅक झाली आहे का, हे कसं ओळखायचं?

14 जून 2022 रोजी ठाणे पोलिसांची वेबसाइट हॅक झाली. नेहमीच्या माहितीऐवजी ‘वन हॅट सायबर टीम’च्या नावाने धमकीवजा मजकूर दिसू लागला. या प्रकाराला डीफेसमेंट म्हणतात. यात नाचक्की होते, पण हॅक झाल्याचं निदान लगेच कळतं.

नेसरीतल्या एखाद्या पतसंस्थेची, शाळेची किंवा काजू विकणाऱ्याची वेबसाइट फोडणाऱ्याला मात्र गाजावाजा नको असतो. तुमच्या डोमेनवर त्याला जुगाराच्या जाहिराती किंवा बँकेचं बनावट लॉगिन पेज ठेवायचं असतं, आणि ते जितके दिवस लपून राहील तितकं त्याला बरं. म्हणून पत्ता टाकून साइट उघडणाऱ्या मालकाला सगळं ठीक दिसतं, पण गूगलवरून आलेला माणूस भलतीकडेच पाठवला जातो. त्यामुळे रोज होमपेज उघडून बघणं म्हणजे देखरेख नव्हे.

बाहेरून काय तपासाल?

- गूगलवर इंग्रजीत ‘साइट’, मग कोलन आणि जागा न सोडता तुमचं डोमेन टाइप करा. तुम्ही कधीच न लिहिलेली पानं, जपानी अक्षरं किंवा औषधांच्या जाहिराती दिसल्या तर साइट हॅक झाल्याची दाट शक्यता आहे.
- गूगल सर्च कन्सोल मोफत आहे. त्यात ‘सिक्युरिटी इश्यूज’ बघा. यूजर्सच्या यादीत अनोळखी ओनर आहे का, हेही बघा.
- गूगलमधून स्वतःच्या साइटवर क्लिक करा, मोबाइलवरूनही.

आतून काय तपासाल?

- वर्डप्रेसच्या यूजर लिस्टमध्ये अनोळखी अ‍ॅडमिन.
- अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल. तिथे फोटो आणि पीडीएफ असतात. कोड सहसा नसतो.
- तुम्ही अपडेट केलेलं नसताना बदललेल्या फाइल्स. वर्डफेन्ससारखं प्लगिन मूळ वर्डप्रेसशी तुलना करून हा फरक दाखवतं.
- अ‍ॅक्सेस लॉगमध्ये लॉगिन पेजवर एकाच आयपीवरून शेकडो पोस्ट रिक्वेस्ट, किंवा रात्री-अपरात्री झालेलं अ‍ॅडमिन लॉगिन.

हे सगळं आठवड्यातून एकदा बघितलं तरी चालेल. रोजच्या कामासाठी अपटाइमरोबोटसारखी सेवा लावा. साइट बंद पडली किंवा पानावरचा ठरावीक शब्द गायब झाला की ती ईमेल पाठवते. पण लपवलेली पानं तिला दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा.

काही सापडलं तर?

फाइल लगेच डिलीट करू नका. आधी फाइल्स, डेटाबेस आणि लॉग यांची कॉपी वेगळी ठेवा, कारण हॅकर कुठून आत शिरला ते त्यातूनच कळतं. मग साइट मेंटेनन्स मोडवर टाका, होस्टिंग कंपनीला कळवा, आणि होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस व अ‍ॅडमिन या सगळ्यांचे पासवर्ड बदला. कालचा बॅकअप स्वच्छ असेलच असं नाही. म्हणून निदान महिनाभराचे बॅकअप ठेवा. बॅकअप टाकल्यावर वर्डप्रेस आणि प्लगिन अपडेट करा, नाहीतर हॅकर त्याच वाटेने परत येईल.

सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात. बनावट पेजमुळे कोणाचे पैसे गेले असतील, तर त्यांना ताबडतोब 1930 वर फोन करायला सांगा.