मुंबईचे नाव लागलेला रक्तगट

आपल्या शहराचे अधिकृत नाव १९९५ साली बदलले. तरी काही ठिकाणी जुने नाव अजून ठाण मांडून आहे. बॉम्बे हायकोर्ट आहे, आयआयटी बॉम्बे आहे, आणि तिसरा आहे 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. पहिले दोन सर्वांना ठाऊक आहेत. तिसऱ्याचे नाव बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेले असते, पण ते काय प्रकरण आहे ते विचारले तर 'दुर्मीळ असतो म्हणे' एवढ्यावर गाडी थांबते.

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिहा' असा निरोप संपादक मंडळाकडून आला. इमारतीचा इतिहास लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार सभासद आहेत. म्हणून मी हा विषय घेतला. हा आपल्या मुंबईचा इतिहास आहे, आणि घरात वेळप्रसंगी उपयोगी पडणारा आहे. मी डॉक्टर नाही. बँकेत आकड्यांचा मेळ घालण्यात आयुष्य गेले. पण ही गोष्टसुद्धा एका न जुळलेल्या मेळाचीच आहे.

थोडे मागे जाऊ. लंडनच्या डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ साली माणसाचे रक्त माणसाला देऊन पाहिले. पुढची ऐंशी वर्षे हा प्रकार नशिबाच्या खेळासारखा चालला. एखादा रोगी उठून बसे, एखादा रक्त चढवताच दगावे, आणि कारण कोणालाच सांगता येत नसे. ते कारण सापडले व्हिएन्नामध्ये. कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले, लाल पेशी आणि वरचे पाणीदार सीरम वेगळे केले, आणि एकाचे सीरम दुसऱ्याच्या पेशींशी मिसळून पाहिले. काही जोड्यांत काहीच झाले नाही, काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या. या निरीक्षणावरून १९०१ साली त्यांनी माणसाच्या रक्ताचे तीन गट मांडले. चौथा एबी गट त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०२ साली दाखवला. लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांनी सांगितलेला नियम बँकेच्या भाषेत फार सोपा आहे. जी खूण पेशीवर नाही, तिच्याविरुद्धची अँटीबॉडी सीरममध्ये असते. ए गटाच्या माणसात बी-विरोधी अँटीबॉडी, बी गटात ए-विरोधी, ओ गटात दोन्ही, एबी गटात एकही नाही. जमा बाजू आणि नावे बाजू जुळलीच पाहिजे. म्हणून रक्तपेढीत तपासणी दोन्ही बाजूंनी होते. आधी पेशी तपासायच्या, मग सीरम तपासायचे, आणि दोन्हींचे उत्तर एकच आले तरच गट लिहायचा.

हा नियम पन्नास वर्षे जगभर सुरळीत चालला. मग मुंबईत मेळ चुकला.

डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या मुंबईच्या संशोधकांपुढे असे रक्त आले की त्याच्या पेशी ए-विरोधी सीरमने चिकटेनात, बी-विरोधी सीरमनेही चिकटेनात. म्हणजे पेशींच्या बाजूने बघितले तर सरळ ओ गट. पण सीरमची बाजू तपासली तर त्याने ए पेशी चिकटवल्या, बी पेशी चिकटवल्या आणि ओ गटाच्या पेशीसुद्धा चिकटवल्या. ओ गटाच्या माणसाचे सीरम ओ गटाच्याच पेशींना विरोध करते, हे पुस्तकात कुठेच बसत नव्हते.

अशा वेळी 'काहीतरी गडबड झाली असेल' म्हणून बाटली फेकून देणे सोपे असते. फरक किरकोळ दिसला की तो सस्पेन्स खात्यात टाकून मोकळे होणारे कारकून मी पुष्कळ पाहिले आहेत. या तिघांनी तसे केले नाही. लंडनमध्ये त्या वेळी रक्तगटांचे जगातले नावाजलेले जाणकार होते रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर, आणि रक्तगटांच्या रसायनशास्त्राचे जाणकार होते वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. त्यांच्याबरोबर हा शोध तपासून घेतला गेला आणि सातही जणांच्या नावाने मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तो प्रसिद्ध झाला. पहिले नाव भेंडे यांचे होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना हे नाव भेंडे-देवधरे यांच्या पॅथॉलॉजीच्या पुस्तकामुळेही माहीत आहे.

आता या रक्तात नेमके काय वेगळे असते? मला समजले ते खुंटी आणि टोपीच्या उदाहरणाने. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर जोडली गेली की 'एच' ही खूण तयार होते. ही झाली खुंटी. त्या खुंटीवर आणखी एक साखर बसली की ए टोपी, वेगळी साखर बसली की बी टोपी, दोन्ही प्रकारच्या टोप्या असल्या तर एबी. ओ गटाच्या माणसाकडे टोपी नसते, पण रिकाम्या खुंट्या भरपूर असतात. बॉम्बे गटाच्या माणसाकडे मुळात खुंटीच नसते. त्यामुळे त्याचे शरीर ए आणि बीला परके मानतेच, शिवाय एच खुंटीलाही परकी मानते. ओ रक्तात तर खुंट्याच खुंट्या. ज्या ओ निगेटिव्ह रक्ताला आपण 'कोणालाही चालते' म्हणतो, तेसुद्धा या माणसाला चालत नाही. चुकून चढवले तर जिवावर बेततं. त्याला रक्त चालते फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचे.

हा आजार नव्हे, हे नीट लक्षात घ्यावे. अशी माणसे ठणठणीत असतात. आयुष्यात रक्त घ्यायची वेळ आली नाही, तर कळतही नाही. हा गुण आई आणि वडील दोघांकडून आला तरच मुलात दिसतो, म्हणून नात्यात लग्ने होतात तिथे प्रमाण थोडे जास्त असते. भारतात ढोबळमानाने दहा हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एक असे प्रमाण सांगितले जाते. एका भावंडाचा गट बॉम्बे निघाला, तर दुसऱ्या भावंडाचाही तोच असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून असा रोगी सापडला की डॉक्टर आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करायला सांगतात.

या शोधाचा एक भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो दवाखान्याबाहेरचा आहे. समजा आईचा रिपोर्ट ओ, वडिलांचा ए आणि मुलाचा आला एबी. शाळेत शिकलेल्या नियमाप्रमाणे हे अशक्य. मग घरात कुजबुज सुरू होते, आणि बोट कोणाकडे दाखवले जाते ते सांगायला नको. डीएनए चाचणी येण्यापूर्वी कोर्टातसुद्धा मुलाचा बाप कोण या वादात रक्तगटाचा आधार घेतला जाई. बॉम्बे गटाने इथे सावध केले. आईकडे बीची टोपी जन्मजात असू शकते, पण तिच्याकडे खुंटी नसल्याने ती दिसत नाही. मुलाला वडिलांकडून खुंटी मिळते, आणि आईची लपलेली टोपी मुलात दिसू लागते. अमेरिकेत फिलिप लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका कुटुंबाचा अभ्यास करून ही लपाछपी दाखवून दिली. मुंबईतल्या एका न जुळलेल्या रिपोर्टमुळे कुठल्या तरी घरातल्या सुनेच्या चारित्र्यावरचा डाग पुसला जाऊ शकतो, याहून मोठे संशोधन ते काय असणार!

मुंबईत हे काम पुढेही चालू राहिले. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शहरात रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले, आणि डॉ. भाटियांनी अनेक वर्षे त्या कामाचे नेतृत्व केले. त्याचीच आज राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्था झाली आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात ती आहे. रुग्णालयासमोरून बसने जाताना आपल्याला तिथली गर्दी तेवढी दिसते.

आता व्यवहाराचे बोलू. रक्तपेढी हीसुद्धा बँकच, पण इथे मुदत ठेव चालत नाही. नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, विशेष द्रावणात ४२ दिवस. पुष्कळ गोठवून ठेवण्याची सोय मोजक्याच ठिकाणी असते. त्यामुळे बॉम्बे गटाचा साठा करता येत नाही. साठा असतो तो माणसांच्या यादीचा. फोन आला की आपली कामे टाकून दुसऱ्या गावी जाऊन रक्त देणारी माणसे त्या यादीत असतात. १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे देशात कायद्याने बंद झाले. त्यामुळे ही सगळी इमारत स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांवरच उभी आहे.

आपल्या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची सूची आहे, आणि तिच्यात रक्तगटाचा रकाना आहे. त्याबद्दल तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, 'ओ' असे लिहिणाऱ्यांनी तो गट कुठून कळला ते आठवून पाहावे. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काचेवर दोन थेंब टाकून झालेली तपासणी फक्त पेशींची बाजू पाहते. तिथे बॉम्बे गट 'ओ' म्हणूनच लिहिला जातो. रक्तपेढीत एकदा रक्तदान केले की दोन्ही बाजूंची तपासणी आपोआप होते. दुसरी, ऑपरेशन ठरलेले असेल तर रक्ताची तपासणी आणि जुळणी आयत्या वेळेवर सोडू नका. गट दुर्मीळ निघाला तर माणसे शोधायला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. तिसरी, मुलांचे आणि आईवडिलांचे रक्तगट जुळत नाहीत असे वाटले, तर घरात वाद न घालता डॉक्टरांना विचारा.

वयाची ६५ वर्षे उलटली की रक्तदान करता येत नाही. माझी ती मुदत केव्हाच संपली. पण सोसायटीत १८ वर्षे पूर्ण केलेली, ४५ किलोंच्या वर वजन असलेली धडधाकट मुले-मुली पुष्कळ आहेत. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. रौप्यमहोत्सवी वर्षात गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या जोडीला एक रक्तदान शिबिर भरवावे, अशी मी कमिटीला विनंती करतो. खुर्च्या मांडायला आणि नावे लिहून घ्यायला मी येईन.