म्यान, मोट आणि पायताण

करवीर नगरीचे नाव निघताच परक्या माणसास पायताण आठवते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्या वाडवडिलांच्या रापीखालून केवळ पायताणेच निघाली, असा समज आपल्याच तरुण पिढीत दृढ होत चालला आहे. तो दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

विजेचे पंप येण्यापूर्वी मळ्यामळ्यांतून कातड्याची मोट चाले. मोट, तिची सोंड, पाणक्याची पखाल, आसूड, घोड्याचे खोगीर, तलवारीचे म्यान ही सारी आपलीच कामे. मोटेच्या कामाबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळे, तेही दूर उभे राहून घ्यावे लागे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली बलुतेदारी बंद केली, तेव्हा कारागीर आपल्या मालाचा दाम मागावयास मोकळा झाला. मी आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला. पुस्तकात तलवारीचे वर्णन असे; म्यान कोणी शिवले, हे मात्र कोठेच नसे.

ह्या सर्व वस्तूंचे मूळ एकच, ते म्हणजे बाभळीची साल व हिरडा ह्यांवर कमावलेले कातडे. ते कमावण्याचे काम ढोर बांधवांचे, घडविण्याचे आपले. चुन्यात केस काढून सालीच्या रसात मुरविलेले हे कातडे ओले असता हवा तो आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडीत नाही. कारखान्यात क्रोमवर कमावलेले मऊ कातडे असा आकार धरीत नाही. म्हणूनच पिस्तुलाच्या म्यानास आपलेच कातडे उत्तम.

संस्थान विलीन होण्यापूर्वीची गोष्ट. एका अधिकाऱ्याने आमच्या आजोबांस आपल्या रिव्हॉल्वरचे म्यान करण्यास सांगितले. मापासाठी आजोबांनी हात पुढे केला, तो साहेबांनी हत्यार मागे घेतले. चर्मकाराचा हात लागलेले हत्यार त्यांस कमरेला नको होते. त्याच हातचे म्यान मात्र चालणार होते! अखेर सुताराकडून हत्याराबरहुकूम लाकडी ठोकळा करून पाठविण्यात आला.

आजोबांनी ठोकळ्यावर पातळ फडके गुंडाळले, कारण कातडे वाळताना आवळते. मग भिजवून निथळलेले कातडे त्यावर चढवून हाडाच्या पट्टीने प्रत्येक उंचवटा दाबून काढला, व दोन दिवस सावलीत वाळविले. उन्हात घाई केली असती तर कातडे तडकले असते. आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घातली. तीत एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, म्हणून एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. शेवटी कडा रापीने तासून घोटल्या. हत्याराचे वजन ठाऊक नसल्यामुळे पट्टा ओवण्याची जागा त्यांनी दुहेरी केली. हा त्यांचा अंदाज होता. रिव्हॉल्वर पहिल्याच खेपेस चपखल बसले. साहेबांनी पैसे ओसरीच्या कडेला ठेवले आणि आजोबांनी ते उचलले. वडील ही हकीकत सांगत, तेव्हा येथवर येऊन गप्प होत.

पुढे मोट गेली, खोगीर गेले, म्याने दुर्मीळ झाली. पायताण तेवढे उरले. त्यास २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्याचे धनी. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या पेढीने तशाच चपला कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या. गदारोळ झाल्यावर त्या भारतीय कलेवरून स्फुरल्याचे पेढीने मान्य केले. आपण संतापलो, ते योग्यच. पण ज्या घरात बाप रापी धरतो, त्या घरातील किती मुले आज कातड्यास हात लावतात, हेही त्याच वेळी मोजावयास हवे होते. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः खडू धरला.

तो लाकडी ठोकळा आमच्या घरी अद्याप आहे. साहेबांनी तो परत मागितला नाही. त्याच्या मुठीवर आजोबांच्या आरीची दोन टोचे आहेत. आपल्या मंडळाच्या मेळाव्यास तो मी घेऊन येईन. ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनी अवश्य हातात घेऊन पाहावा.